मशीन धडधाकट, बॅटरी बाजारात नाही

एक बॅटरी मिळत नाही म्हणून चांगली चालती मशीनं भंगारात घालायची, हा कुठला न्याय? माझ्याकडे ड्रिल आहे, इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे, जिगसॉ आहे, छोटा ग्राइंडर आहे, सर्क्युलर सॉ आहे. एकाही मोटरचा आवाज बदललेला नाही, ड्रिलचं चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, ढिलं झालेलं नाही. पण सगळी एकाच जातीच्या बॅटरीवर चालतात आणि ती बॅटरी कंपनीने बनवणंच थांबवलंय. नाशकातल्या दुकानांत शालिमारपासून रविवार कारंजापर्यंत विचारून झालं. सगळीकडे एकच उत्तर: "ती सिरीज बंद झाली भाऊ. नवीन मॉडेल आलंय, त्याचा किट घेऊन टाका." घेऊन टाका म्हणे! चाळीस हजार रुपये काय झाडाला लागतात?

मी नाशकात मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवायचं काम करतो. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड, जिथे नवी बिल्डिंग उभी राहते तिथे आम्ही. निम्म्या फ्लॅटमध्ये मीटर बसलेला नसतो. बिल्डरच्या तात्पुरत्या कनेक्शनवरून जिन्यातून वायर ओढत चार मजले वर न्यायची. खाली टाइल्सवाल्याला कटर लावायचा असतो, तो आपली पिन उपटतो आणि वर आमचा माणूस शिडीवर बंद ड्रिल धरून उभा. कॅबिनेट एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने स्क्रू मारायचा असतो, तिथे लोंबणारी वायर म्हणजे अपघाताला आमंत्रण. बॅटरीचं मशीन हा आमचा शौक नाही, त्याच्याशिवाय रोजचं काम उरकत नाही. आणि म्हणूनच डोकं फिरतं. आम्हाला ते लागतंच, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

विकतात कसं ते बघा. पहिला किट भुलवणाऱ्या किमतीत. ड्रिल, दोन छोट्या बॅटऱ्या, चार्जर, प्लास्टिकची पेटी. दुकानदार सांगतो, "पुढचं काय घ्यायचं ते नुसती बॉडी घ्या, बॅटरी आहेच तुमच्याकडे." नुसती बॉडी खरंच स्वस्त पडते. मग ग्राइंडर येतो, जिगसॉ येतो, आणि प्रत्येक बॉडीबरोबर आपण त्या एका खाचेत आणखी रुततो. दोन्ही मशीनं १८ व्होल्टची असली तरी एका कंपनीची बॅटरी दुसरीला सहसा बसत नाही. खोक्यावर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, छापलेला असतो, आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो, वॉरंटी छापलेली असते. ही बॅटरी किती वर्षं मिळेल, तेवढंच कुठे छापलेलं नसतं. आणि वॉरंटी तरी काय? बऱ्याच ठिकाणी मशीनला वर्षभर आणि बॅटरीला सहा महिने. जी वस्तू सगळ्यात आधी मरणार, तिचीच हमी सगळ्यात कमी!

त्या बॅटरीत असं काय सोनं भरलंय, तेही सांगतो. १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल. त्यांना १८६५० म्हणतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट, असे पाच एकापुढे एक जोडले की झाले १८ व्होल्ट. बॅटरी किती वेळ पुरेल ते ॲम्पिअर-अवरमध्ये मोजतात. ५ ॲम्पिअर-अवरच्या पॅकमध्ये अडीच-अडीच ॲम्पिअर-अवरच्या दोन सेलची एक जोडी, अशा पाच जोड्या, एकूण दहा सेल. वर एक छोटा सर्किट बोर्ड आणि प्लास्टिकचं कवच. बस. असल्या पॅकचे सहा-सात हजार मोजायचे, तेवढ्यात दोन वायरवाली ड्रिल येतात.

माझा पहिला पॅक गेला तेव्हा चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला, चार्ज घ्यायलाच तयार नाही. सर्व्हिस सेंटरला म्हणे रिपेअर नाही, नवीन घ्या. सिडकोत एक पोरगा ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधतो, त्याच्याकडे नेला. त्याने स्क्रू काढून मल्टिमीटर लावला. पहिली जोडी ३.८ व्होल्ट. दुसरी ३.८. तिसरी ३.७. चौथी ३.८. पाचवी ०.९. दहापैकी आठ सेल ठणठणीत! दोन खाली बसले म्हणून अख्खा पॅक मेला असं जाहीर केलेलं. त्याने सारख्या मापाचे सेल निवडले, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडल्या, पाचही जोड्या एका पातळीवर आणल्या. तरी चार्जर लालच. का? कारण बोर्डने एकदा बिघाड नोंदवला की तो कायमचा कुलूपबंद होतो. आत कोरे सेल घाला, तो उघडत नाही.

यावर कंपन्यांचं तयार उत्तर असतं, सुरक्षेसाठी. लिथियम आयनचा सेल अडीच व्होल्टच्या फार खाली गेला की आतून खराब होतो आणि तसाच चार्ज केला तर पेट घेऊ शकतो, हे खरं आहे. मला मान्य आहे. पण खराब सेल बदलल्यावर, तपासून, कुलूप उघडायची सोय ठेवायला काय हरकत होती? आणि एवढी काळजी असेल तर चार्ज करताना प्रत्येक जोडी सारखी भरली जाईल अशी व्यवस्था बऱ्याच पॅकमध्ये का नसते? एक जोडी हळूहळू मागे पडत जाते आणि एक दिवस सगळ्यांना घेऊन बुडते. त्याचं औषध ठाऊक असूनही ते पॅकमध्ये घालायचं नाही, वरून बोर्ड कुलूपबंद करायचा. याला सुरक्षा म्हणत नाहीत, याला आमच्या खिशात हात घालणं म्हणतात.

वायरवाल्या मशीनचं बघा. वडिलांचं ड्रिल अजून वर्कशॉपमध्ये चालतं. कार्बन झिजले, बदलले. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळलं, वाइंडिंगवाल्याकडून भरून आणलं. वायर तुटली, नवी जोडली. यातल्या कशासाठीही कंपनीची परवानगी लागली नाही. ट्रॅक्टरचा टायर फाटला तर टायर बदलतो, ट्रॅक्टर मोडीत काढतो का कुणी?

आणि हे दुखणं आता आमच्या धंद्यापुरतं राहिलेलं नाही. माझे मेहुणे दिंडोरीकडे द्राक्षं करतात. तिकडे बॅटरीवरच्या कात्र्या आल्यात. हाताच्या कात्रीने दिवसभर काड्या कापून मनगट सुजतं, म्हणून घेतल्या, चांगलंच केलं. पण बागेत छाटणी होते दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मधले महिने कात्री पेटीत. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर सेल खाली जाऊन मरतात. निम्मी चार्ज करून गार जागी ठेवायची असते. हे मेहुण्यांना सांगितलं कोणी? कोणीच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि शेतातल्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. ऑक्टोबरात छाटणीची टोळी दारात उभी, मजुरी चालू, आणि कात्री दोन ओळी झाल्या की बंद. बॅटरी मागवायची तर विकणाऱ्याने ते मॉडेल आणणंच सोडलेलं. छाटणीची तारीख गाठून माल बाजारात न्यायचा असतो, तिथे आठ दिवस थांबा म्हणून कसं चालेल? शेवटी टोळीच्या हातात साध्या कात्र्या दिल्या आणि महागडी कात्री पेटीत पडून राहिली.

असा माणूस अडला की त्याला लुटायला दुसरी टोळी तयारच. स्वस्तातल्या मशीनवर मोठ्या अक्षरात ४८, ८८, १२८ असे आकडे आणि पुढे व्हीएफ, टीव्ही असली काहीतरी अक्षरं. गिऱ्हाईक समजतो व्होल्ट. व्होल्ट नाहीत ते! आत तेच पाच सेल. १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट हेसुद्धा एकच. पाच सेल पूर्ण भरले की प्रत्येकी ४.२ धरून २१ होतात, वापरताना सरासरी १८ धरतात. मोठा आकडा दिसतो म्हणून तो छापतात आणि नव्याने धंद्यात पडलेली, मुद्रा लोन काढून हत्यारं घेणारी पोरं फसतात. डुप्लिकेट बॅटऱ्यांवरही असंच, ६ ॲम्पिअर-अवर छापायचं आणि आत पाचच सेल भरायचे. घेताना वजन करा. एक १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे दहा सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले. दहा सेलचा म्हणून विकलेला अख्खा पॅक काट्यावर तीन-साडेतीनशे दाखवत असेल तर तो तिथल्या तिथे परत करा. आणि दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसवायचे जे अडॅप्टर मिळतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. बॅटरी फार खाली गेल्यावर बंद करायचं काम कुठे पॅक करतो, कुठे मशीन करतं. दोन्ही वेगवेगळ्या घरचे असले की ते काम कुणीच करत नाही आणि चांगली बॅटरीही जाते.

जुन्या ग्राहकाला सांभाळणं अशक्य आहे, असं मला कोणी सांगू नये. मकिता या हत्यारांच्या कंपनीची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका २००५ मध्ये आली, त्या मालिकेच्या बॅटऱ्या आजही दुकानात मिळतात. अर्थात त्याच कंपनीने नंतर ४० व्होल्टची वेगळी मालिका काढली आणि ती बॅटरी १८ च्या मशीनला बसत नाही, तेव्हा पुढे काय होईल याची काळजी तिथेही आहेच. युरोपात २०१८ मध्ये मेटाबो या जर्मन हत्यार कंपनीच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी मिळून एकच १८ व्होल्टची बॅटरी वापरायचं ठरवलं. म्हणजे जमतं! मोबाइलला युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून एकच टाइप-सी चार्जर सक्तीचा केला, तोवर हेही अशक्यच म्हणत होते. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं घेतली, मोबाइल घेतले, घरातली उपकरणं घेतली, गाड्या घेतल्या. सुतार, फॅब्रिकेटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांची हत्यारं त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या शेडपासून गल्लीतल्या ॲल्युमिनियमवाल्यापर्यंत किती घरं या मशीनवर चालतात, हे कुणाला दिसत नाही का?

मेलेल्या बॅटऱ्यांचं काय करायचं, तोही प्रश्न आमच्याच गळ्यात. पॅकवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र असतं, म्हणजे कचऱ्यात टाकू नका. मग कुठे टाकू? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानात घेऊन गेलो तर म्हणतात, आमच्याकडे तशी सोय नाही. घंटागाडीत टाकली आणि गाडीत दाबून सेल फुटला तर आग लागेल, आणि भाजेल तो कचरा उचलणारा माणूस. मी टाकणार नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवल्यात. कंपनीचा कचरा मी का सांभाळायचा, आणि किती वर्षं?

माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर ठळक छापा की या मशीनची बॅटरी अमुक सालापर्यंत मिळेल. सिरीज बंद करणार असाल तर निदान दोन वर्षं आधी जाहीर करा, म्हणजे ज्याला साठा करायचा तो करेल, जो त्याच सिरीजची नवीन बॉडी घेणार असेल तो थांबेल. बोर्डचं कुलूप उघडायची सोय प्रत्येक सर्व्हिस सेंटरला द्या. सेल बदलून द्या, त्याचे रास्त पैसे घ्या, आम्ही देऊ. फुकट कोण मागतंय?

गेल्या आठवड्यात पुन्हा काउंटरवर उभा होतो. दुकानदार नवा किट उघडून दाखवत होता, ब्रशलेस मोटर, एलईडी लाइट, सगळं समजावून सांगत होता. मी म्हटलं, शेठ, घेतो, पण बिलावर एवढं लिहून द्या की याची बॅटरी अजून सात वर्षं मिळेल. म्हणाला, "असं कुणी लिहून देत नाही भाऊ, कंपनी आम्हालाच सांगत नाही." मी म्हटलं, मग माझ्याकडून चाळीस हजार कशाच्या भरवशावर मागताय?