‘फिनलँडिया’ : ना लोकगीत, ना राष्ट्रगीत

फिनिश संगीतकार जाँ सिबेलियसची ‘फिनलँडिया’ ही वाद्यवृंदरचना म्हणजे एका जुन्या फिनिश लोकगीताची ऑर्केस्ट्रासाठी केलेली मांडणी आणि तेच त्या देशाचं राष्ट्रगीत, असा मजकूर फिरतोय. दोन्ही चूक.

शेवटाकडे येणारी ती संथ, प्रार्थनेसारखी धून ऐकून कुणालाही ती पिढ्यान्‌पिढ्या गायलेली वाटावी. पण ती सिबेलियसची स्वतःची. माझे विषय लोकधुनांतून घेतलेले नाहीत, हे त्यानेच स्पष्ट केलं होतं. गैरसमजाला कारण आहे म्हणा. कारेलिया प्रांतातले पारंपरिक गायक त्याने कान देऊन ऐकले होते, ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यावर त्याचा जीव होता. प्रभाव वेगळा, उसनवारी वेगळी.

रचना १८९९ची. रशियाच्या झारने फिनलंडची स्वायत्तता आवळायला घेतली होती, त्या नोव्हेंबरात हेलसिंकीत वृत्तपत्रांसाठी झालेल्या कार्यक्रमातल्या शेवटच्या देखाव्याचं हे संगीत. म्हणजे मुळात शब्दच नव्हते! आज गातात ते कवी कोस्केन्निएमीचे फिनिश शब्द १९४०च्या सुमाराचे.

राष्ट्रगीत म्हणून वाजतं ते ‘मामे’. त्याची चाल फ्रेडरिक पासिउसची, १८४८ची. आणि हा गृहस्थ जन्माने हॅम्बुर्गचा जर्मन. एस्टोनियाचं राष्ट्रगीतही याच चालीवर आहे.