गोणपाटावरचा तारा

आज जुन्या बाजारात पितळी कुलूप शोधत होतो. गोणपाटावर गंजलेले पाने, नाणी, अडकित्ते आणि मधेच एक सहा टोकांचा तारा. फीत मळलेली, तरी पट्टे ओळखले. तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा. इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक. आमच्या आजोबांना मिळाला होता तोच. सोबतचा मित्र म्हणाला, "भाडोत्रीच की हे लोक. गोऱ्यांसाठी लढले." तेव्हापासून डोकं तापलंय.

आजोबा बेळगावला भरती झाले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. सक्ती नव्हती कुणावर. हिंदुस्थानातून त्या युद्धात उतरलेले 25 लाख आपल्या पायांनी गेले. इटलीतल्या सेनिओ नदीवर होतो, यापलीकडे ते बोलायचे नाहीत. पण पावसाळ्यात मला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडताना पलीकडच्या काठावर पाय टेकायच्या आधी काठी टोचून टोचून बघायचे. आजी ओरडायची, "अहो, काही नाही तिथं!" सेनिओच्या काठावर सुरुंग पेरले होते, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच नदीत 9 एप्रिल 1945 रोजी नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांतून वाट काढत मागे घेऊन आले. पुन्हा एकटे गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तर हातबॉम्ब फेकले. मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्यांना पुढे बोलावलं. पगारासाठी करतं का कुणी हे? सांगा ना!

माणगावकडच्या पळसगावचे यशवंत घाडगे तर परतलेच नाहीत. 10 जुलै 1944, वय 22. हाताखालची सगळी तुकडी पडली, मॅगझिन बदलायला उसंत नाही, तर बंदूक नळीकडून धरून भिडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. घाडग्यांची कबरसुद्धा नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. परक्यांना आठवण आहे! माणगावात पुतळा आहे, मान्य. पण बाकीच्या हजारोंचं काय?

पोटासाठी गेले, हेही खरं. आणि आमच्याच साताऱ्यात तेव्हा पत्रीसरकार त्याच इंग्रजांशी झुंजत होतं, ठाऊक आहे मला. पण आजोबांच्या समोर हिटलरची फौज होती. त्या मित्राला एकदा आमच्या ओढ्यावर न्यावं असं वाटतं. लढाई संपून चाळीस वर्षं झाली तरी माणूस पाठीवरच्या नातवासाठी घरचीच माती टोचून बघत होता.

जाऊ दे. आता राग ओसरलाय. वाईट वाटतंय फक्त.

तारा घेऊन आलोय. आजोबांच्या डब्यात त्यांच्या ताऱ्याशेजारी ठेवलाय. फितीच्या एका टोकाला काळ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत, घरातल्याच कुणीतरी घातलेले. तुमच्या आजीने, पणजीने घातले असतील तर मला कळवा. आणून देतो. पैसे नकोत.