यिंगल्वोला सूड घेता येतो, गोपिकाबाईंना नाही

‘छावा’च्या ट्रेलरमधल्या लेझीमवरून २०२५च्या जानेवारीत महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, तो इथे सिंगापुरात आमच्यापर्यंत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून पोचला. संभाजी महाराजांना नाचताना दाखवायचं की नाही यावर दोन दिवस रण माजलं. मग दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले, प्रसंग काढून टाकतो म्हणाले, आणि विषय मिटला. सांगलीच्या मामांनी समाधानाने जोडलेले हात टाकले. मी त्याच सुमारास जेवणं उरकली की ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ ही सत्तर भागांची चिनी मालिका बघत बसायचे, त्यामुळे डोक्यात दोन्हींची सरमिसळ होत राहिली.

मालिका २०१८च्या जुलैत चीनमध्ये आयचीयी या वेबवाहिनीवर आली. त्या वर्षी गूगलवर जगभरात सर्वाधिक शोधली गेलेली टीव्ही मालिका हीच, आणि गूगल चीनमध्ये बंद! गोष्ट १७४१ सालची, सम्राट छ्यानलोंगच्या राजवाड्यातली. वेई यिंगल्वो ही मुलगी भरतकाम करणारी दासी म्हणून आत शिरते ती थोरल्या बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला. संशय जातो फूहंग या देखण्या सरदारावर, महाराणीच्या सख्ख्या भावावर. त्याच्यावर डूख धरता धरता ती त्याच्या प्रेमात पडते. शेवटी मात्र होते सम्राटाची राणी. मधल्या काळात जी बाई तिच्या वाटेत येते, तिची खैर नसते. आधीच्या सम्राटाच्या एका जख्ख विधवेला ती भर दरबारी मंडळींसमोर खोटी शपथ घ्यायला लावते आणि त्या बाईवर वीज पडते. वीजसुद्धा यिंगल्वोच्या बाजूने! तर्काच्या नावाने आनंदच आहे, पण मी उठून टीव्ही बंद केला नाही.

इतिहासाची मोडतोड म्हणाल तर पोत्याने. ही बाई खरोखर होऊन गेली. वेई घराण्यातली, पुढच्या सम्राटाची आई, १७७५ साली वारली. तिने बहिणीचा सूड उगवल्याचा किंवा फूहंगवर जीव टाकल्याचा कागद कुठेही नाही. पण हेच लोक वस्तूंच्या बाबतीत किती काटेकोर! मांचू, म्हणजे छ्यानलोंगच्या छिंग घराण्याच्या जमातीतल्या, बायका एकेका कानात तीन-तीन डूल घालत, ते प्रत्येकीच्या कानात आहेत. केसांत माळायची रेशमी धाग्यांची फुलं नानजिंगच्या कारागिरांकडून करून घेतली आहेत. सुरुवातीच्या भागांत महाराणी फुचाच्या वाढदिवसाच्या झग्यासाठी आणलेला मोरपिसांचा धागा चोरीला जातो आणि यिंगल्वो त्या जागी हरणाच्या शेपटीच्या केसांचा धागा वापरून वेळ निभावते. बाकीच्या दासींचं धाबं दणाणलेलं, महाराणी मात्र खूश. मला वाटलं, लेखकाने दिली ठोकून. तर नाही. ही महाराणी काटकसरीसाठी प्रसिद्ध होती, मोत्यांऐवजी साधी फुलं माळायची, आणि मांचूंच्या जुन्या रानातल्या दिवसांची आठवण म्हणून हरणाच्या लोकरीचा बटवा करून नवऱ्याला द्यायची, अशी नोंद छिंग घराण्याच्या इतिहासात आहे. १७४८ साली ती प्रवासात वारली, तेव्हा सम्राटाने तिच्यावर दीर्घ शोककाव्य लिहिलं. त्या एका नोंदीतून या लोकांनी अख्खा प्रसंग विणला.

आपल्याकडे नेमकं उलटं. कोण कोणाबरोबर नाचलं यावर मोर्चे, आणि पेशवाईतल्या बाईच्या अंगावर काल-परवाच्या दुकानातली चकाकती सिंथेटिक नऊवारी असली तरी कोणी हूं की चूं करत नाही. २०१५मध्ये काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ घालताना दिसल्या तेव्हा पेशव्यांच्या वंशजांपासून सगळे चिडले होते. चिडायचा हक्क आहेच. पण त्या वादात बाजीरावाच्या काळातला वाडा कसा असेल, तिथल्या बायका दिवसभर काय करत, यावर कोणी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. यानशीच्या पाठोपाठ, २०१८च्याच ऑगस्टमध्ये, त्याच राजवाड्यावर ‘रूयी’ ही दुसरी मोठी मालिका आली. हिची नायिका म्हणजे सम्राटाची दुसरी महाराणी नारा, जी यानशीत खलनायिका आहे! आणि यानशीची लाडकी वेई ‘रूयी’त पक्की कपटी. पहिल्या मालिकेत देवी असलेली फुचासुद्धा दुसरीत डाव टाकताना दिसते. इतिहासाला ठाऊक आहे ते एवढंच, की १७६५ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर नाराचं सम्राटाशी बिनसलं, तिने आपले केस कापले, मांचू रिवाजात हा भयंकर अपशकुन, आणि वर्षभराने ती वारली तेव्हा तिला महाराणीचा मान न देता पुरलं. कारण कोणी लिहून ठेवलं नाही. त्या रिकाम्या जागेत दोघांनी आपापला संसार थाटला.

आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कोपी (इथली कॉफी) विकणाऱ्या आंटींनी दोन्ही मालिका पाहिल्यात. मी विचारलं, मग खरी वाईट कोण? कपात कंडेन्स्ड मिल्क ओतता ओतता त्या म्हणाल्या, “धिस शो, धिस वन बॅड. दॅट शो, दॅट वन बॅड. सम्राट बोथ शो आल्सो बॅड.” शेवटचं वाक्य मला फार आवडलं. चवताळून यावं असं त्यांना त्यात काही वाटलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर पुण्याची मैत्रीण फटकन म्हणाली, “तुझं बरं आहे गं. छ्यानलोंगच्या नावाने कोणी मतं मागत नाही.” मुद्दा खरा आहे. शिवाय आपल्या संवेदनशीलतेला कारणही आहे. संभाजी महाराजांना मराठी रंगभूमीने कित्येक वर्षं व्यसनी, बाईलवेडे म्हणून रंगवलं. ते पुसायला वा. सी. बेंद्र्यांना आयुष्यातली कित्येक वर्षं दप्तरं धुंडाळावी लागली. त्यांचं चरित्र १९६०ला आलं, पाठोपाठ कमल गोखल्यांचं काम. पण लक्षात घ्या, ती प्रतिमा कागदपत्रांनी बदलली. एखादं नाटक बंद पाडून बदलली नाही.

चीन म्हणजे कलावंतांचा स्वर्ग, असं मात्र कोणी समजू नये. २०१९च्या जानेवारीत ‘बीजिंग डेली’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने राजवाड्याच्या मालिकांवर तोफ डागली. या मालिका बादशाही थाटाचं आकर्षण वाढवतात, चैनीची चटक लावतात, कारस्थानांनी समाज नासवतात, सम्राटांचं उदात्तीकरण करून आजच्या वीरांना झाकोळतात, असे आरोप. थोड्याच दिवसांत यानशी आणि रूयीचे पुनःप्रक्षेपणाचे भाग टीव्हीच्या वेळापत्रकातून गायब. मोर्चा नाही, निवेदन नाही, माफी नाही. आपल्याकडे निदान आरडाओरडा तरी होतो, कोणी अडवलं हे कळतं.

आणि मी राहते ते सिंगापूरही धुतल्या तांदळाचं नाही. राजकीय निर्वासितांवरच्या एका माहितीपटाला २०१४ साली इथे प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली. १९७९पासून मँडरिनचा आग्रह सुरू झाला आणि हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका इथल्या टीव्हीवर मँडरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. आंटींच्या आईला, म्हणे, आवडते नट एकाएकी परके झाले. आई घरी तेओच्यू आणि कँटोनीज या चिनी बोली बोलायच्या. तेव्हा परदेशात बसून मायदेशाला स्वातंत्र्याचे धडे द्यायला माझ्याकडे फारसं भांडवल नाही.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मुख्यतः बायकांबद्दल आहे. बीजिंगचा संपादक आणि आपला मोर्चेवाला, दोघंही पात्राला एकच विचारतात: ही आदर्श आहे का? नसेल तर दाखवू नका. मग आपल्या लेखकापुढे उरतं काय? एक तर जिजाऊंसारखी फोटोच्या चौकटीतली माउली, नाही तर ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई. यिंगल्वो यांपैकी कोणीच नाही. ती डूख धरते, खोटं बोलते, हसते, चुकीच्या माणसावर प्रेम करते, आणि तरीही प्रेक्षक तिच्यामागे असतो. अशी बाई मराठी ऐतिहासिक मालिकेत उभी करायची कोणाची छाती आहे?

साहित्य तर घरात पडलंय. गोपिकाबाई घ्या. १७६१च्या जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला, जूनमध्ये नवरा नानासाहेब. १७७२ला माधवराव क्षयाने. १७७३च्या ऑगस्टमध्ये धाकट्या नारायणरावाला शनिवारवाड्यात गारद्यांनी कापलं, संशयाची सुई थेट दिरावर आणि जावेवर. त्या वेळी बीजिंगच्या राजवाड्यात खरी वेई अजून जिवंत होती. गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहायच्या. नातू सवाई माधवरावाला त्यांनी वागणुकीचे कडक नियम लिहून पाठवले. ते वाचताना वाटतं, या बाईच्या मनात त्या बारा वर्षांचा हिशेब कसा साठला असेल. सूडकथेला यापेक्षा काय लागतं? आपल्या मालिकांत मात्र त्या येतात बहुतेक खाष्ट सासू म्हणून, रमाबाईंना छळायला.

मैत्रिणीला हेही लिहिलं. तिचं उत्तर आलं, “कल्पना भारी आहे. पण पहिल्याच भागाला कोणीतरी कोर्टात जाईल.” मग थोड्या वेळाने दुसरा मेसेज: “आणि आनंदीबाईच्या बाजूने पण एक मालिका काढा म्हणावं. बघणार मी दोन्ही.”