चार एसटीभर मतं

शाळेच्या ग्रुपवर परवा नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान मार्क रुत्ते यांचा तो व्हिडिओ पुन्हा फिरला. २ जुलै २०२४, डिक स्खोफकडे कारभार सोपवून गडी सायकलवर टांग मारून निघाला. खाली ठरलेली ओळ: 'आपल्याकडं असं कधी व्हायचं?'

मी लिहिलं, 'आपल्याकडं झालंय की. सांगोल्यात. आबा एसटीनं फिरायचे.'

त्यावर आमच्यातल्याच एका डाळिंबवाल्याचं उत्तर आलं: 'एसटीनं फिरून रान भिजतं का? अकरा वेळा आमदार, आन् गावात टँकर.'

त्या टँकरनं माझी झोप उडवली. एक तर हा स्वतः डाळिंबाच्या जिवावर दोन मजले चढवून बसलेला. १९९० नंतर रोजगार हमीला जोडून फळबागा आल्या, माळरानावर डाळिंब उभं राहिलं. मग तेल्या रोगानं बागा खाल्ल्या तो भाग वेगळा. इथं नेदरलँड्समध्ये दुकानात 'इंडिया' चिकटवलेलं डाळिंब दिसलं की मी अजून उलटंसुलटं करून बघतो, जणू गावाचं नाव कुठंतरी लिहिलेलं असेल.

दुसरं, आबांनी, म्हणजे गणपतराव देशमुखांनी, पाण्यासाठी काय केलं हे त्याला माहीत नाही असं नाही. १९६२ साली शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, पहिल्यांदा आमदार, २०१४ साली अकराव्यांदा. मधे १९७८ चं पवारांचं आणि १९९९ चं विलासरावांचं सरकार, एवढंच काय ते मंत्रिपद. बाकी हयात विरोधी बाकावर. आणि त्या बाकावरून नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीनं दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा. आटपाडीला लोक ट्रकनं जायचे. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णा अडवायची, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायची आणि आमच्या माळापर्यंत आणायची, हे ऐकायला तेव्हा थट्टाच वाटायची.

माझं इथलं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे. दरवर्षी वॉटरस्खापचं, म्हणजे पाणी सांभाळणाऱ्या मंडळाचं, बिल येतं आणि मी निमूट भरतो. पाणी बाहेर उपसायला तेराव्या शतकापासूनची यंत्रणा, तिच्या वेगळ्या निवडणुका, वेगळा कर. आमच्याकडं पाणी आत आणायला एका माणसाचं आयुष्य गेलं तरी लोक म्हणणार, उशीर झाला. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चार अंगठे आले, त्यातले दोन अमेरिकेतून.

डाळिंबवाला मात्र हटेना. 'मग सायकलवाल्याचं काय?' म्हणाला. त्यानं बरोबर पकडलं होतं. ह्याच सायकलवाल्याच्या सरकारनं बालसंगोपनाच्या भत्त्यावरून हजारो आईबापांना लबाड ठरवलं, लोक कर्जात बुडाले आणि २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑफिसात मी हे तावातावानं सांगत असतो, की सायकलीवरून कारभार कळत नाही. मग एसटीवरून कळतो का? रुत्तेला एक माप आणि आबांना दुसरं, हे मलाही दिसतं. पण आबा बावट्याला धरून राहिले. पंचावन्न-साठ वर्षं एकच पक्ष, तोही ओसरत चाललेला. गुवाहाटीची झाडी आणि डोंगार बघितलेल्या महाराष्ट्रात हे मोजायचं नाही तर काय मोजायचं?

खरं सांगायचं तर माझा चिवटपणा वेगळ्या कारणानं आहे. १९९५ ला आबा पडले. शहाजीबापू पाटील जिंकले, १९२ मतांनी. माझं नाव सांगोल्याच्या यादीत होतं आणि मी पुण्यात होस्टेलला. सबमिशन होतं, असं मी घरी कळवलं. सबमिशन नव्हतं. १९२ मतं म्हणजे जेमतेम चार एसटी. स्वारगेटला आमच्या भागातली तेवढी पोरं सहज निघाली असती. वडिलांनी त्या रात्री जेवण केलं नाही. मला विचारलंही नाही.

२०१९ ला आबा थांबले आणि नातू अनिकेत ७६८ मतांनी पडला. तोवर माझा निळा पासपोर्ट जमा होऊन लालसर आला होता. मत द्यायचा प्रश्नच मिटला. २०२१ च्या जुलैत आबा गेले.

२३ नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी, पोराच्या मॅचला थंडीत कडेला उभा होतो. फोनवर कळलं, दुसरा नातू बाबासाहेब निवडून आला, शेकापच्याच नावावर. मी ओरडलो. शेजारच्या बापानं कॉफीचा कप सावरत विचारलं, कोण जिंकलं?

'आम्ही,' मी म्हणालो. त्यानं मैदानाकडं पाहिलं. आमची पोरं चार गोलांनी मागं होती.