वैनीच्या टीबीला बोधकथा करू नका

आज शहापूरला एका वास्तुशांतीच्या पंगतीत एक काकू आमच्या वैनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं बघ. टीबी झाला म्हणून तरी स्वतःकडं बघायला शिकलीस. सगळं मनात दाबून ठेवत होतीस, तेच बाहेर पडलं." वैनी नुसती मान हलवत बसली. मला घास गिळेना.

टीबी मनातनं येत नाही हो! जंतूनं होतो. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तो जंतू १८८२ साली शोधून दाखवला, आणि आपण अजून बाईच्या स्वभावात शोधतोय.

येळ्ळूरच्या घरात वैनी पहाटे उठायची. पाणी, भाकऱ्या, म्हशी, मग शेतात भांगलण, आणि जेवायला सगळ्यांच्या मागनं, उरलंसुरलं. अशक्त अंगात जंतू डोकं वर काढतो. त्याला 'आतला संदेश' म्हणणाऱ्यांनी आधी तिचं ताट बघायचं होतं.

बरी झाली ती गोळ्यांनी. सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं तीन. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा घाबरून रडली होती बिचारी. खोकला थांबल्यावर घरातलेच म्हणायला लागले, आता कशाला, गोळ्या उष्ण पडतात. तेव्हा आण्णा, वैनीचा नवरा, अडून बसला. मधेच सोडल्या तर जंतू औषधाला जुमानत नाही, हे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं त्याला नीट सांगितलं होतं. गोळ्या तो स्वतः हातावर ठेवायचा, गिळेपर्यंत हलायचा नाही. म्हशी त्यानं घेतल्या. सरकारचे महिन्याचे हजार रुपये अंडी-शेंगदाण्यालाच गेले. भाकरी जाड होते त्याची, पण थापतो.

मान्य, आजारानं कुणी कुणी सुधारतात. आमच्या मामांनी छातीत कळ आल्यापासून तंबाखू सोडली. पण मामांचं पथ्य सांभाळायला मामी होती. वैनीनं एकटीनं काय बदलायचं होतं?

काकू, तुम्ही मायेनंच बोललात, ठाऊक आहे मला. तुम्हालाही जन्मात कुणी पहिली गरम भाकरी वाढली नसेल. पण तिचं दुखणं चांगलं होतं असं पुन्हा म्हणू नका.

आणि येळ्ळूरच्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवते: यंदा पारायणाला वैनी येणार आहे ती ऐकायला. तिच्या हातात विळी द्यायची नाही. भाजी चिरायला आण्णा येतोय.