सिंगल इंजिनचा संसार

आमच्या भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं, त्यामुळे आमच्या घरात वर्षही ११ महिन्यांचंच. लोकांना दर तीन वर्षांनी अधिक मास येतो, आम्हाला दर वर्षी उणा मास. भाडेवाढ हा सण दर खेपेला एक महिना अलीकडे सरकतो. मागच्या वेळी गणपतीत आला, यंदा श्रावणात आला, आणि असंच चालू राहिलं तर आत्ता सीनियर केजीत असलेली लेक दहावीला जाईल तेव्हा तो सगळं कॅलेंडर फिरून परत गणपतीत येईल.

सणाची सुरुवात मालकांच्या फोनने होते. "कसे आहात सगळे? छोटी काय म्हणते? मुलुंडला पाऊस आहे का गं?" अशी दोन मिनिटं मायेची गेली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण हा माणूस एरवी गिझर बंद पडला तरी फोन उचलत नाही. मग हळूच, "अगं, १० टक्के वाढ धरली तर ३५,२०० होतात, पण तुम्ही आता घरच्यासारखे, वरचे २०० राहू देत." ३२ हजारांचे ३५ हजार झाले आणि थँक्यू कोण म्हणालं तर मी.

माझ्या हातात महिन्याला ८१ हजार येतात. ऐकायला बरा आकडा आहे, लग्नाळू मुलाच्या बायोडेटावर शोभेल असा. १२ लाखांपर्यंत आता इन्कम टॅक्स नाही म्हणून मी पण सगळ्यांसारखे पेढे वाटायचं मनात आणलं होतं, पण भाड्याने ते पेढे आधीच खाऊन टाकले. प्रोफेशन टॅक्स मात्र चुकत नाही, दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. वर्षातला सगळ्यात छोटा महिना, त्यात कापाकापी सगळ्यात मोठी, हे ज्याने ठरवलं तो माणूस नक्की कुठल्यातरी सोसायटीचा सेक्रेटरी असणार.

तर या ८१ हजारांत मी, नवरा, लेक, सासूबाई आणि सासूबाईंचे गुडघे. गुडघ्यांचं बजेट वेगळं असतं.

नवरा घरी का, तर दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने मुंबईचं ऑफिस गुंडाळलं आणि बंगलोरला चला नाहीतर टाटा असं सांगितलं. इथे दुसरी नोकरी मिळत होती, नाही असं नाही, ४८ हजारांची. पण एका रात्री आम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. पाळणाघर, पोळ्यावाल्या मावशी, लादी-भांडीवाली ताई, दिवसभर सासूबाईंजवळ बसायला एक बाई, त्याची ट्रेन, त्याचं बाहेरचं खाणं, आणि दोघं थकून आल्यावर आठवड्यातून तीनदा "आज बाहेरून मागवू" हे सगळं त्या ४८ हजारांतून वजा केलं तर खाली उरले ६ हजार आणि अ‍ॅसिडिटी. नवरा म्हणाला, मग ६ हजार मीच वाचवतो घरी बसून. मावशी बंद, ताई बंद, बाई बंद, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली भांडी एक बीकॉम झालेला माणूस घासतो.

सोसायटीत कुणाला पत्ता नाही. कोरोनाने बाकी काय दिलं माहीत नाही पण घरी बसलेल्या पुरुषाला वर्क फ्रॉम होम हे कायमचं पांघरूण दिलं. नवरा कानात इअरफोन अडकवून गॅलरीत गवार निवडत बसतो, समोरच्या बिल्डिंगला वाटतं क्लायंट कॉल चाललाय. मध्येच तो "नाही, नाही, हे नाही चालणार" असं जोरात म्हणतो, ते किडक्या शेंगेला असतं.

भाडं वाढलं की पहिले चार दिवस आम्ही स्वाभिमानाने दुसरं घर शोधतो. हा सणाचाच भाग आहे. यंदाचा एजंट म्हणजे शर्टाच्या खिशात दोन फोन आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा पोरगा. "मॅडम, स्टेशनपासून सात मिनिटं." ही सात मिनिटं कोण चालतं मला बघायचंय एकदा. आम्ही निघालो, रेल्वेची भिंत संपली, शाळा संपली, भाजीवाले संपले, लेक "बाबा उचल" म्हणाली, तिला उचललं, तरी सात मिनिटं चालूच. घर सेमी फर्निश्ड होतं, म्हणजे एक पंखा, दोन ट्यूबलाइट आणि पडद्याचा एक दांडा. किचनमध्ये मी उभी राहिले तेव्हा नवऱ्याला दारातच थांबावं लागलं. "फ्रिज?" मी विचारलं. "फ्रिज सगळे हॉलमध्येच ठेवतात मॅडम, पाहुण्यांना पण सोयीचं पडतं." बेडरूमला तो मास्टर बेडरूम म्हणाला, एकच असताना. कोणाचा मास्टर? खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा दाढी करत होते, त्यांनी आरशातून आमच्याकडे बघून मान हलवली, घेऊ नका अशा अर्थाने बहुतेक.

भाडं? ३८ हजार. आणि वर एक महिन्याचं ब्रोकरेज, ते ११ महिन्यांनी रिन्यू करताना परत. मी म्हटलं, अरे बाबा गेल्या वर्षी हीच बिल्डिंग तीसला होती. तो म्हणाला, "मॅडम, सगळा रिडेव्हलपमेंटचा खेळ आहे."

आणि ते खरंच आहे. आमच्याकडे मुलुंड पूर्वेला जिकडे बघावं तिकडे पत्रे ठोकलेत. तीस-चाळीस वर्षांच्या तीन मजली बिल्डिंगा पाडून टॉवर होतायत, आणि त्यातली सगळी कुटुंबं टॉवर होईपर्यंतची तीन-चार वर्षं याच स्टेशनच्या याच बाजूला घर शोधतात, कारण पोरांची शाळा इथे, डॉक्टर इथे. त्यांचं भाडं बिल्डर देतो. ज्याचं भाडं दुसरा देतो तो घासाघीस कशाला करेल? आणि मालकालाही तेच भाडेकरू हवे, एकदा आले की तीन वर्षं हलत नाहीत. म्हणजे माझी स्पर्धा माझ्यासारख्या नोकरदाराशी नाहीच, ती थेट बिल्डरच्या चेकबुकशी आहे. आमचा सिंगल पगार त्या रांगेत उभा राहतो तो लग्नाच्या पंगतीत दप्तर घेऊन आलेल्या पोरासारखा.

निघताना एजंटने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, अ‍ॅग्रीमेंट तुमच्याच नावाने ना? मॅडमचं पण काही येतं का महिन्याला थोडंफार?"

नवरा म्हणाला, "येतं थोडंफार."

(बदलापूरला का नाही जात, हे विचारणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात, आमच्याकडे ते ठाण्याला स्वतःच्या टू बीएचकेत राहतात. माझं ऑफिस लोअर परळला. मुलुंडहून स्लो पकडून करी रोडला उतरायचं आणि पुलावरून चालायचं, त्यातच माझं पीठ होतं, बदलापूरहून आले तर भाकरी होऊन उतरेन. एक मात्र आहे, सेकंड क्लासचा महिन्याचा पास अजूनही एका बऱ्यापैकी पिझ्झ्यापेक्षा स्वस्त आहे. या शहरात सिंगल पगाराला परवडणारी ही एकच गोष्ट, आणि तिच्यात उभं राहायला जागा नाही.)

मग मला झटका आला की भाडंच का भरायचं, ईएमआय भरू. बँकेत गेले. समोरचा मुलगा फार गोड, पाणी दिलं, चहा दिला, "मॅम, महिलेच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, मुंबईत ६ ऐवजी ५." मला भरून आलं. मग त्याने स्लिप बघितली, की-बोर्ड बडवला आणि म्हणाला, "४५ लाखांपर्यंत बसतंय." आमच्या भागात वन बीएचके कोटीच्या आत सापडत नाही. म्हटलं, वरचे? म्हणाला, "ओन काँट्रिब्युशन." म्हणजे ५५ लाख माझे आणि त्यावर १ टक्का सूट. "को-अ‍ॅप्लिकंट कोण?" "मिस्टर." "त्यांचं इन्कम?" मी म्हटलं, "ते ४८ हजार वाचवतात." त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. त्याला तो कॉलम सापडेना.

"मॅम, एक सेकंड इन्कम असेल ना, तर फाइल लगेच पळते."

तेव्हा मला कर्जतचा घाट आठवला. लहानपणी पुण्याला मामाकडे जाताना कर्जतला गाडी थांबली की वडे खायचे आणि बाबा सांगायचे, बघ, मागून इंजिनं लावतायत. १ ला ३७चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, मग मागून ढकलायला इंजिनं जोडतात. त्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. मी त्या मुलाकडे बघितलं. हाही बँकरच. पण हा ढकलत नव्हता, चहा पाजत होता. मुंबईत सगळे चढ असे डबल इंजिन धरूनच बांधलेत, शाळेची फी काय, घराची किंमत काय, फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्या इन्कमचे रकाने असतात आणि एक रिकामा ठेवला तर समोरचा माणूस "सॉरी" म्हणतो, गेलेत समजून.

म्हाडा पण करून झालं. माझं वार्षिक उत्पन्न ९ ते १२ लाखांच्या मध्ये, म्हणजे मी मध्यम उत्पन्न गट. ही पदवी मला फार आवडते, शाळेतही मी मध्यमच होते. २०२४च्या मुंबईच्या लॉटरीत घरं २,०३० आणि अर्ज लाखाच्या वर. त्याच्या आदल्या वर्षी ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं, सरकारी लॉटरीत! आमचा नंबर लागला नाही. लागला असता तरी पैसे कुठून आणले असते हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला तर म्हणाला, म्हणूनच देव नंबर लावत नाही.

आणि या सगळ्यावर सासूबाई. दिवाणावर पाय पसरून, गुडघ्याला तेल चोळत, दर भाडेवाढीला ठरलेलं वाक्य. "आमच्या सासऱ्यांच्या एका पगारात सात माणसं खायची लालबागला. गिरणीचा पगार तो केवढा! पण कधी रड नाही." हे ऐकलं की मला दोन दिवस स्वतःची लाज वाटते. ७ माणसं, १० बाय १२ची खोली, एक पगार. आणि मी चौघांना घेऊन हुश्श करतेय.

यंदा नवरा पोळ्या लाटत होता. लाटणं न थांबवता म्हणाला, "आई, आजी खाणावळ चालवायची ना? बारा गिरणीवाले जेवायचे रोज, दोन पाळ्यांत."

"हो, मग? ते काय, घरचं तर जेवण करायचंच असतं, त्यातच चार पोळ्या जास्त."

"आणि गावाहून तांदूळ यायचा."

"तो घरचाच तांदूळ."

मी हातातली भाजी तशीच ठेवून बघत बसले. बारा माणसांच्या चार पोळ्या! म्हणजे त्या खोलीत तीन इंजिनं होती, एक गिरणीत, एक चुलीपाशी, एक पार सावंतवाडीकडे शेतात, आणि पगार म्हणून नाव फक्त पहिल्याचं. सासूबाई म्हणाल्या, पोळी करपतेय.

शेवटी आम्ही ३५ हजारांना हो म्हटलं, दर वर्षीप्रमाणे. वाढीव डिपॉझिट ट्रेनमधल्या भिशीतून आलं. माझा नंबर खरं तर पुढच्या महिन्यात होता, पण आमच्या डब्यात ८:१२ला घाटकोपरपर्यंत बायका जे मिटवतात ते दिल्लीत मिटत नाही.

अ‍ॅग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन हल्ली घरीच होतं, एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो. मालकांचा अंगठा त्याने पार्ल्याला जाऊन आधीच आणला होता. माझा झाला. साक्षीदार म्हणून नवरा आणि ट्रेनमधली मैत्रीण. मैत्रिणीचा झाला. नवऱ्याने अंगठा ठेवला, मशीन लाल. परत ठेवला, लाल. "साहेब, जरा पुसून." पुसला, लाल. "केसांवर घासा, तेल लागलं की येतो." केस फारसे नसल्याने थोडा वेळ गेला, पण लाल. दहाही बोटं झाली.

"काय काम करता साहेब?" मुलाने सहज विचारलं.

नवरा इअरफोन शोधायला लागला, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा भांडी घासतो."

मुलगा एकदम समजुतीने म्हणाला, "मग बरोबर. माझ्या मम्मीचा पण रेशनच्या दुकानात असाच येत नाही. साबणाने रेषा जातात."

तर आमच्या घरातल्या सेकंड इन्कमचा हा एवढाच सरकारी पुरावा, आणि तोही मशीनने नाकारला. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना हाक मारली. नवराबायको दोघं आयटीत. त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा. त्यांच्याकडे डिशवॉशर आहे.