नॉर्थॅम्प्टनहून आलेलं पाकीट केराच्या टोपलीत टाकू नका

खासगी पार्किंगची नोटीस आली की काय करायचं यावर इंग्लंडमधल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन सल्ले कायम फिरत असतात. पहिला: "खासगी पार्किंगवाले आहेत ना, दुर्लक्ष कर, काही होत नाही." दुसरा: "व्हिसावर आहेस, कशाला लफडं, भरून टाक." माझ्या मते दोन्ही सल्ले महागात पडतात, आणि पहिला जास्त.

आधी शब्द साफ करू. कौन्सिल लावते ती पेनल्टी चार्ज नोटीस. सुपरमार्केटच्या, रिटेल पार्कच्या किंवा फ्लॅटच्या आवारात खासगी कंपनी लावते ती पार्किंग चार्ज नोटीस. लघुरूप दोन्हींचं पीसीएन, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खासगी नोटीस हा दंडच नव्हे. 'तुम्ही आमच्या पाटीवरच्या अटी मान्य करून गाडी लावलीत आणि अट मोडलीत' असं म्हणत केलेली ती पैशांची मागणी आहे. पोलीस नाहीत, लायसन्सवर पॉइंट नाहीत, गुन्ह्याची नोंद नाही. मामला दिवाणी आहे. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

नोटिशीनंतर लाल अक्षरातली पत्रं सुरू होतात. वसुली एजन्सी शंभराचे एकशे सत्तर करते. ही मंडळी बेलिफ नाहीत आणि तुमच्या दारात उभं राहून काहीही उचलू शकत नाहीत, त्यामुळे ती पत्रं फाइलला लावून गप्प बसलात तरी चालतं. पण 'लेटर ऑफ क्लेम', म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं शेवटचं औपचारिक पत्र, आलं की गप्प बसायचं नाही. उत्तराला ३० दिवस असतात. थोडक्यात दावा नाकारा, कराराची प्रत, पाट्यांचे फोटो आणि मूळ नोटीस मागा. त्याच दिवशी कंपनीकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्टही टाका. ती फुकट असते आणि महिन्याभरात त्यांना तुमचा सगळा डेटा द्यावा लागतो.

मग येतो क्लेम फॉर्म, नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून. हे खरं कोर्टाचं पत्र. उजव्या कोपऱ्यातली इश्यू डेट बघा, सगळं गणित तिच्यावर चालतं. समजा ती १ जून आहे. पाच दिवसांनी, म्हणजे ६ जूनला, फॉर्म तुम्हाला मिळाला असं कायदा धरतो. तिथून १४ दिवस, म्हणजे २० जूनपर्यंत, मनी क्लेम ऑनलाइन या कोर्टाच्या वेबसाइटवर अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस, म्हणजे फॉर्म मिळाल्याची पोच, भरायची. ती भरली की डिफेन्सला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, ६ जूनपासून एकूण २८ दिवस मिळतात, म्हणजे ४ जुलै. शेवटच्या दिवसावर जाऊ नका.

ही पोच भरताना लोक दोन चुका हमखास करतात. 'संपूर्ण दावा नाकारतो' हा पर्याय निवडायचा असतो. काही जण अधिकारक्षेत्राला आव्हान देण्याच्या चौकटीवर टिक करून बसतात आणि नसता वेगळा अर्ज गळ्यात येतो. दुसरी चूक म्हणजे डिफेन्सच्या चौकटीत रागारागाने दोन ओळी लिहून सबमिट करणं. त्या दोन ओळीच मग तुमचा डिफेन्स ठरतात. चौकट रिकामी सोडा, डिफेन्स नंतर शांतपणे पीडीएफमध्ये लिहून सही करून पाठवा.

तारीख चुकली की तुमच्याविरुद्ध एकतर्फी सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो. महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली नाही तर सहा वर्षं अशा निकालांच्या सार्वजनिक रजिस्टरवर राहतो, आणि मॉर्गेजच्या वेळी समोर येतो. तो रद्द करून घ्यायला एन२४४ फॉर्म आणि तीनशे पौंडांहून जास्त फी. म्हणजे मूळ मागणीपेक्षा जास्त! अनेकांना तर दावा झाल्याचाच पत्ता नसतो, कारण घर बदललं पण व्ही५सीवरचा, म्हणजे गाडीच्या लॉग बुकवरचा, पत्ता बदलला नाही. कंपनी डीव्हीएलए या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून अडीच पौंडांत तोच पत्ता घेते. लायसन्सवरचा पत्ता बदलला म्हणजे व्ही५सीवरचा बदलला असं होत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. हे वाचताना शंका आली असेल तर पोस्ट अर्धी सोडून आधी ते लॉग बुक काढून बघा.

आता खरी लढाई. डिफेन्समध्ये "हे अन्यायकारक आहे, मी फक्त वीस मिनिटं जास्त थांबलो" एवढंच लिहिणाऱ्यांनी पार्किंगआय कंपनी विरुद्ध बेव्हिस हा निकाल वाचलेला नसतो. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तासांची फुकट मर्यादा होती, गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली, मागणी ८५ पौंडांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे 'नुकसान काहीच झालं नाही, मग पैसे कसले' हा मुद्दा त्या दिवशी मेला. पण तोच निकाल आपल्याही कामाचा आहे, कारण तो पाट्यांवर उभा आहे. तिथे सुमारे वीस पाट्या होत्या, आणि ८५ चा आकडा मोठ्या, ठळक अक्षरात होता.

म्हणून त्या जागी परत जा आणि फोटो काढा. प्रवेशाची पाटी गाडीच्या सीटवरून, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपा. तुम्ही अंधारात गेला होतात तर अंधारातच. पाटीवर 'पी' केवढा मोठा आहे, 'ग्राहकांसाठी मोफत' केवढं ठळक आहे, आणि शंभर पौंडांची अट कुठे आहे? बरेचदा ती तळच्या परिच्छेदात, निळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरात, दहा फूट उंच खांबावर असते. फोटोत शेजारी माणूस उभा करा म्हणजे उंची कळते. कंपनी कोर्टात बहुधा पाटीचं कॉम्प्युटरवरचं डिझाइन जोडते, खांबावरची पाटी नव्हे. न्यायाधीशांपुढे दोन्ही शेजारी ठेवले की सांगावं लागत नाही.

दुसरं हत्यार २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टचं चौथं परिशिष्ट. करार ड्रायव्हरने केलेला असतो, गाडीच्या नोंदणीकृत कीपरने नव्हे. कीपरकडून पैसे हवे असतील तर कंपनीला या परिशिष्टातल्या अटी काटेकोर पाळाव्या लागतात. काचेवर तिकीट न लावता कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल तर ती १४ दिवसांत पोचली पाहिजे, मोजणी दुसऱ्या दिवसापासून. १ तारखेला गाडी उभी होती तर १५ तारखेपर्यंत. टपालात टाकल्यावर दोन कामाचे दिवस धरतात, म्हणून १४ ला टाकलेली नोटीस उशिराची. एअरपोर्ट आणि रेल्वेच्या जागांना बरेचदा स्वतःचे बायलॉज, म्हणजे त्या जागेपुरते कायदेशीर नियम, असतात. तिथे हे परिशिष्ट लागूच होत नाही.

हे हत्यार आपण स्वतःच बोथट करतो. कंपनीकडे केलेल्या अपिलाच्या पहिल्याच ओळीत "आय पार्क्ड माय कार" लिहिलं की ड्रायव्हर कोण हे सांगून झालं, मग नोटीस महिनाभर उशिरा आलेली असली तरी उपयोग नाही. शाळेतला कर्मणी प्रयोग आठवा: "गाडी उभी करण्यात आली होती." पुढे कंपनी म्हणते, कीपर आहे म्हणजे ड्रायव्हरही तोच. त्यावर २०२३ चा व्हीसीएस (एक पार्किंग कंपनी) विरुद्ध एडवर्ड हा कोर्टातल्या अपिलाचा निकाल आहे: कीपर म्हणजेच ड्रायव्हर असं आपोआप गृहीत धरता येत नाही. मात्र खोटं लिहू नका. डिफेन्सखाली सत्यतेचं विधान असतं आणि त्यावर खोटी सही हा कोर्टाचा अवमान. गाडी तुम्हीच लावली असेल आणि न्यायाधीशांनी थेट विचारलं तर खरं सांगा आणि पाट्यांवर लढा.

क्लेम फॉर्मवरचा मजकूरही नीट वाचा. पुष्कळदा त्यात फक्त 'अटींचा भंग' असतं. कोणती अट, कशी मोडली, किती वेळ, काही नाही. सीईएल विरुद्ध चॅन (२०२३) आणि सीपीएमएस विरुद्ध अकांडे (२०२४) या दोन अपिलांत असेच मोघम दावे टिकले नाहीत. तुमचा मजकूर तसाच असेल तर हा मुद्दा डिफेन्समध्ये अगदी सुरुवातीला घ्या. सामान चढवण्या-उतरवण्यासाठी आपल्याच बिल्डिंगच्या दाराशी थांबला असाल तर जॉपसन विरुद्ध होमगार्ड (२०१६): काही मिनिटं सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. हे सगळे सर्किट जजचे निकाल आहेत. खालच्या न्यायाधीशावर बंधनकारक नाहीत, पण वजन आहे.

आणि ते वरचे सत्तर पौंड. साधारण दावा असा दिसतो: १०० मूळ, ७० वसुली खर्च, ३५ कोर्ट फी, ५० वकिलाचे, शिवाय आठ टक्क्यांनी व्याज. कीपरकडून मूळ नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही असं परिशिष्टातच लिहिलं आहे. बाकी सगळे मुद्दे हरलात तरी हे सत्तर वाचवण्यासाठी भांडा.

तयार साचा उतरवून तीस परिच्छेदांचा डिफेन्स पाठवणारे मला पटत नाहीत. 'पाटी अस्पष्ट होती' असं साच्यातून येतं आणि फोटोत पाटी लख्ख दिसते, मग बाकीचंही कोणी गांभीर्याने घेत नाही. चार मुद्दे, पण आपल्या जागेचे. आणि पाटी स्पष्ट, नोटीस वेळेत, तास उलटलेले असतील तर पहिल्या १४ दिवसांत सवलतीचे साठ भरणं यात कमीपणा नाही.

डिफेन्सनंतर एन१८० फॉर्म, म्हणजे कोर्टाची प्रश्नावली, येते. त्यात तुमच्या जवळचं कोर्ट मागा. मे २०२४ पासून फोनवरचं मध्यस्थीचं सत्र सक्तीचं आहे. ते फुकट आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. फोन उचला आणि पटत नसेल तर शून्य देऊ करा, पण गैरहजर राहू नका. सुनावणीची तारीख लागली की आदेशात दिलेल्या मुदतीत, बहुधा १४ दिवस आधी, साक्षीपत्र आणि फोटो कोर्टाला आणि समोरच्यालाही पाठवा. याच सुमारास कंपनीला सुनावणीची फी भरायची असते आणि काही दावे इथेच मागे घेतले जातात. कोर्टाकडून लेखी कळेपर्यंत मात्र तयारी थांबवू नका.

सुनावणी एका साध्या खोलीत, टेबलाभोवती होते. समोर बहुधा त्या दिवसापुरता पाठवलेला वकील असतो, जागा कधीही न बघितलेला. न्यायाधीशांना 'जज' म्हणायचं. 'मी लॉर्ड' सिनेमापुरतं. पानांना आकडे घाला, म्हणजे "पान १२ वरची पाटी बघा" असं म्हणता येतं. जिंकलात तर रजेचे दिवसाला ९५ पौंडांपर्यंत आणि प्रवासखर्च मागता येतो. त्याचा कागद आधीच तयार ठेवा, निकालानंतर खिसे चाचपू नका. हरलात तर आदेशातली तारीख बघा आणि महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरा, म्हणजे नोंद रजिस्टरवरून निघते. भरल्याची पावती मात्र जपून ठेवा.